घरचा बोलपट आणि ध्वनिमुद्रकाची निवड

चेन्नईहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर तंजावरच्या एका जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी आज ८६ वर्षांच्या आहेत, आणि त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जी मराठी बोलली गेली ती अस्खलित बोलणाऱ्या त्या आता एकट्याच उरल्या आहेत. गेल्या दिवाळीत धाकट्या भाच्याने आत्याबाईंना खुर्चीवर बसवून मोबाइलवर त्यांचे तासभर चित्रण केले. चित्र सुरेख आले. चेहऱ्यावरची सुरकुती न्‌ सुरकुती दिसते. परंतु ऐकू येतो तो छताचा पंखा, खालच्या रस्त्यावरची वाहने आणि या साऱ्यांच्या पलीकडे कोठेतरी आत्याबाई. पत्रलेखिका विचारतात : "आता स्वतंत्र डिजिटल रेकॉर्डर घ्यावा म्हणतो. बाजारात इतके प्रकार आहेत की मती गुंग होते. आम्ही कोणता घ्यावा?"

प्रश्न एका घराचा असला तरी तो अनेक घरांचा आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी कावेरीकाठी गेली तिचे लिखित रूप पुष्कळ जपले गेले. बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ सालचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. परंतु त्या भाषेचा हेल, तिचा ठेका, वाक्य कोठे उचलावयाचे आणि कोठे सोडून द्यावयाचे ही रीत कागदावर उतरत नाही. ती फक्त गळ्यात असते. अशा चित्रणात आवाज हीच मुख्य वस्तू होय आणि चित्र तिच्या सोबतीला, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात.

सर्वप्रथम हे पाहू या की मोबाइलने केलेला आवाज वाईट का आला. मोबाइल मुळात वाईट यंत्र नाही. त्याचा दोष इतकाच की ज्या ठिकाणाहून चित्र चांगले दिसते त्या ठिकाणाहून आवाज चांगला ऐकू येत नाही. खुर्चीतली संपूर्ण व्यक्ती चौकटीत बसविण्यासाठी कॅमेरा दोन मीटर दूर गेला, आणि मायक्रोफोन कॅमेऱ्यातच असल्यामुळे तोही तितकाच दूर गेला. तोंडापासून थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. पाव मीटरवरून दोन मीटरवर जाताना अंतर तीन वेळा दुप्पट होते, म्हणजे १८ डेसिबलची घट झाली. आवाजाच्या शक्तीचा केवळ चौसष्टावा हिस्सा उरला. पंखा मात्र जेथे होता तेथेच आहे आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनीही तेवढाच आहे. भरीस भर म्हणून बोलण्यात विराम पडला की मोबाइल आपण होऊन आवाज चढवितो, आणि मग विरामात पंखाच गर्जू लागतो.

आपल्या देशात बोलपट जन्मला तेव्हा हीच अडचण उभी राहिली होती. १९३१ साली मुंबईत 'आलम आरा' तयार झाला. त्यात आवाज आणि चित्र एकाच वेळी एकाच फिल्मवर घेतले जात. स्टुडिओच्या शेजारून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रण रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर होई, आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवीत. पुढे १९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये 'नाग्रा' हा सुटसुटीत टेपरेकॉर्डर बनविला, आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांनी चित्रपटाचा आवाज कॅमेऱ्यापासून मोकळा केला. कॅमेरा आपल्या जागी, आवाजाचे यंत्र आपल्या जागी, आणि दोहोंचा मेळ नंतर. आज तळहातावर मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक आपणांस देतो ते हेच स्वातंत्र्य. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून ठेवला तर पैसे गेले आणि पंखा राहिला, एवढाच हिशेब उरेल. अशी चित्रणे मी पुष्कळ पाहिली आहेत. यंत्र महाग, आणि बोलणारा माणूस विहिरीच्या तळाशी.

तेव्हा यंत्र कोणते हे ठरविण्यापूर्वी मायक्रोफोन कोठे राहील हे ठरवावे. आत्याबाईंसारख्या एका जागी बसून बोलणाऱ्या व्यक्तीसाठी दोन जागा योग्य. एक, अंगावर, हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावावयाचा बारीक मायक्रोफोन. दुसरी, डोक्याच्या थोडे वर आणि समोर, चौकटीच्या अगदी बाहेर, उभ्या दांड्याला अडकविलेला मायक्रोफोन. पहिली पद्धत स्वस्त आणि गोंगाटाच्या घरात अधिक उपयोगी. पण नऊवारी असो की सहावारी, पदर हालतो आणि मायक्रोफोनवर घासतो. मंगळसूत्राचे मणी किंवा माळेचे पदक त्यावर आपटले तर हातोडी मारल्यासारखे वाजते. म्हणून तो पदराला न लावता ब्लाउजच्या गळ्यापाशी, दागिन्यापासून बाजूला लावावा आणि तार मागच्या बाजूने खाली न्यावी. हे काम घरातील एखाद्या सूनबाईने किंवा लेकीने करावे, हे सांगावयास नकोच. दुसऱ्या पद्धतीत आवाज अधिक मोकळा, स्वाभाविक येतो. मात्र खोली शांत हवी. लांब नळीसारखा, दुकानदार ज्याची फार स्तुती करतात तो मायक्रोफोन मोकळ्या मैदानात उत्तम. लहान खोलीत मात्र भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने तो गोंधळतो आणि बोलणे पोकळ वाटू लागते. घरात आखूड, समोरचेच अधिक ऐकणारा कंडेन्सर मायक्रोफोन बरा.

आता यंत्राकडे वळू. आपण अंगावरचा मायक्रोफोन निवडला तर त्याच्यासाठी काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे, कमरेला किंवा खिशात राहणारे ध्वनिमुद्रक मिळतात. टॅस्कॅम कंपनीचा डीआर-१०एल हा त्यांतला एक परिचित नमुना. तार आणि मायक्रोफोन त्याच्यासोबतच येतात. ज्यांना एकाच व्यक्तीचे बोलणे घ्यावयाचे आहे त्यांनी याहून मोठ्या यंत्राच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. दांड्यावरचा मायक्रोफोन निवडला तर मात्र ध्वनिमुद्रकाला एक्सएलआर जातीचे, म्हणजे तीन टाचण्यांच्या गोल खटक्याच्या तारेचे प्रवेशद्वार हवे. या तारेत आवाज दोन धाग्यांतून उलटसुलट जातो, आणि वाटेत शिरलेली विजेची गुणगुण दुसऱ्या टोकाला एकमेकींना खोडून टाकते. अशा मायक्रोफोनला चालावयास ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून लागतो. त्याला 'फँटम पॉवर' असे भुताटकीचे नाव आहे. खरेदीत पुष्कळांची फसगत येथे होते. साध्या, बारीक ३.५ मिलिमीटर छिद्राच्या ध्वनिमुद्रकातून अवघे दोन-अडीच व्होल्ट बाहेर येतात. ते अंगावरच्या बारीक मायक्रोफोनला पुरतात, मोठ्याला नाही. उदाहरणार्थ, झूम कंपनीच्या २०२४ सालच्या मालिकेतील एच१एसेन्शियल या सर्वांत लहान यंत्रात ४८ व्होल्टची सोय नाही, तर त्याच मालिकेतील एच४एसेन्शियलमध्ये ती आहे. उलट त्याच कंपनीच्या २०२२ सालच्या एफ३ या यंत्रात दोन एक्सएलआर प्रवेशद्वारे आहेत, पण स्वतःचा मायक्रोफोन अजिबात नाही. तो वेगळा न घेता कोणी हे यंत्र घरी आणले तर ते मुकेच राहील. नावे येथे दिली ती केवळ फरक समजावा म्हणून. नमुने दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. छिद्रे आणि व्होल्ट यांचा हिशेब बदलत नाही.

यानंतरचा मुद्दा माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेला असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्‌संकेत इतका क्षीण असतो की त्याला प्रथम शेकडो पट वाढवावे लागते. हे काम करणारा जो प्राथमिक विवर्धक, त्याला स्वतःचाही थोडा 'श्‌ऽऽ' असा आवाज असतो. (इंग्रजी माहितीपत्रकांत या वाढीला जो शब्द आहे त्याचा मराठीत 'लाभ' असा अनुवाद एका पुस्तिकेत आढळला. भाषांतराचे काम करणाऱ्यांस असे लाभ वारंवार होतात.) बोलणारा तरुण, खणखणीत आवाजाचा असेल तर वाढ थोडी पुरते आणि हा 'श्‌ऽऽ' ऐकू येत नाही. वृद्ध व्यक्तीचा हळू, खालच्या पट्टीतला आवाज घेताना वाढ पुष्कळ करावी लागते आणि त्याबरोबर तोही वाढतो. माहितीपत्रकात ही राशी 'ईआयएन' या अक्षरांनी, ऋण संख्येत दिलेली असते. साध्या १५० ओहमच्या रोधातून केवळ उष्णतेमुळे जो आवाज निघतो तोच सुमारे उणे १३१ डीबीयू असतो. त्याच्याखाली निसर्गच जाऊ देत नाही. तेव्हा उणे १२७ हा आकडा उत्कृष्ट, उणे १२० चांगला, आणि आकडाच छापलेला नसेल तर काय समजावयाचे ते सुज्ञांस सांगणे न लगे. आणखी एक गोष्ट. गायकांच्या हातात दिसतो तो डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन कंडेन्सरच्या मानाने फारच क्षीण संकेत देतो. कोणा नातलगाने तो प्रेमाने देऊ केला तरी हळू बोलणाऱ्या व्यक्तीसाठी तो वापरू नये.

याउलट ज्या आकड्यांची जाहिरात मोठ्या अक्षरांत होते त्यांचे काय? काही यंत्रे एका सेकंदात १,९२,००० वेळा आवाजाचे माप घेतात. मनुष्याच्या बोलण्यासाठी त्याची गरज नाही. व्हिडिओचा प्रघात ४८,००० चा आहे. यंत्र तेथे लावावे आणि तेथून हलवू नये. संगीताच्या तबकड्यांचा प्रघात ४४,१०० चा होता आणि काही यंत्रे दुकानातून येताना त्याच आकड्यावर लावलेली असतात, एवढे तेवढे तपासावे.

दुसरा आकडा '३२ बिट फ्लोट'. याची महती अलीकडे फार गायिली जाते आणि ती निराधार नाही. पूर्वीच्या २४ बिट पद्धतीत आवाजाला एक ठराविक छत असे. बोलणारा एकाएकी मोठ्याने हसला की आवाज छताला आपटून फाटे, आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नसे. म्हणून पातळी सतत डोळ्यांत तेल घालून पाहावी लागे. ३२ बिट फ्लोटमध्ये प्रत्येक माप वैज्ञानिक लोक प्रचंड संख्या लिहितात त्या रीतीने, घातांकासह नोंदले जाते. कागदोपत्री त्याचा आवाका १,५०० डेसिबलहून अधिक भरतो, जेवढे लहानमोठे आवाज सृष्टीत होतही नाहीत. घरात ध्वनिलेखनाची जबाबदारी ज्याच्यावर पडते तोच बहुधा प्रश्नही विचारीत असतो आणि चहाही देत असतो. त्याला ही सोय मोलाची आहे. घेणे परवडत असेल तर जरूर घ्यावी. परंतु मायक्रोफोनच स्वतःच्या मर्यादेपलीकडे गेला, वाऱ्याचा झोत त्यावर आदळला, किंवा तो दूरच राहिला, तर ३२ काय आणि ६४ काय, हे दोष जसेच्या तसे नोंदले जातील. ज्यांच्याजवळ २४ बिटचे जुने पण चांगले यंत्र आहे त्यांनी ते विकू नये. मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. हसण्याला तेवढी जागा पुरते.

आवाज वेगळा आणि चित्र वेगळे घेतले की त्यांचा मेळ घालणे आलेच. पुष्कळ लोक या भीतीने स्वतंत्र ध्वनिमुद्रक टाळतात. भीती अनाठायी आहे. दोन्ही यंत्रे सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. चित्रात हात मिळाल्याची चौकट आणि ध्वनीतील टोकदार रेघ एकावर एक आणून ठेवली की काम झाले. मोठमोठ्या स्टुडिओंतील काळ्या-पांढऱ्या पाटीचा उद्योग याहून वेगळा नसतो. मोबाइलचा वाईट आवाजही पुसू नये, मेळ घालताना तोच वाटाड्या होतो. बहुतेक संगणकीय संपादनाच्या साधनांत हा मेळ आपोआपही घालता येतो.

मात्र लांब बोलण्यात एक बारीक गोष्ट घडते. प्रत्येक यंत्रात काळ मोजणारा एक स्फटिक असतो, आणि दोन यंत्रांचे स्फटिक तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत पन्नासांचा फरक असेल तर एका तासात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास साडेचार चौकटी. ओठ एक सांगतात आणि आवाज दुसरे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की प्रेक्षकाला खटकू लागते. उशीर आपण अधिक सहन करतो याचे कारण स्वाभाविक आहे. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हेच आपल्या कानांना सवयीचे. यावर दोन यंत्रांना एकाच घड्याळाने बांधणारी 'टाइमकोड' नावाची महागडी सोय आहे. ती अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी आहे, घरासाठी नव्हे. आपण दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबावे. आत्याबाईंना पाणी द्यावे, नव्याने टाळी वाजवावी आणि पुढे जावे. ८६ वर्षांच्या व्यक्तीला तसाही तासभर बोलता ठेवणे बरे नव्हे.

वीज आणि साठवण यांविषयी फार लिहावयास नको. ४८ व्होल्टचा पुरवठा चालू असताना बॅटरी लवकर उतरते, म्हणून पेन्सिल सेलची एक नवी जोडी हाताशी ठेवावी. ४८,००० आणि २४ बिटवर दोन मार्गांचा आवाज तासाला साधारण एक गिगाबाइट जागा घेतो. ३२ गिगाबाइटचे कार्ड तीस तास पुरेल. एमपी३ मध्ये नोंद करू नये. जागा वाचते, पण त्यासाठी आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्याला पुढे नेमका तोच भाग हवा असतो.

ज्या वस्तूसाठी पैसे राखून ठेवण्याचा आग्रह मी धरीन ती म्हणजे कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ध्वनिमुद्रकाच्या पडद्यावर पट्टी हलते आहे म्हणजे आवाज चांगला येतो आहे असे नव्हे. पंख्यानेही पट्टी हलते. आपले कान चतुर असतात. ज्याच्याकडे लक्ष आहे तेवढेच ते ऐकतात आणि बाकीचे मेंदू गाळून टाकतो. मायक्रोफोनला असा मेंदू नाही. हेडफोन लावला की घर प्रथमच खरे ऐकू येते : फ्रिजची घरघर, शेजारचा कुकर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, कावळे. मग पंखा बंद करावा, फ्रिजही तेवढा वेळ बंद ठेवावा. (तो पुन्हा सुरू करावयास विसरू नये म्हणून कोणी आपल्या दुचाकीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात, युक्ती नामी आहे.) फरशीच्या, मोकळ्या खोलीत प्रतिध्वनी फार. तेथे सतरंजी अंथरावी, आणि चौकटीबाहेर खुर्च्यांच्या पाठींवर दोन-तीन गोधड्या टाकाव्या. गोधड्यांनी जे साधते ते महागड्या यंत्राने साधत नाही. बोलणे संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची नुसती शांतता नोंदवून घ्यावी. संपादनात जोड झाकावयास ती उपयोगी पडते.

तर आमच्या भगिनींस उत्तर असे : एकट्या आत्याबाईंसाठी खिशातला लहान ध्वनिमुद्रक आणि त्याचा बारीक मायक्रोफोन पुरेसा आहे. पुढे दोन वृद्ध मंडळींचा संवाद, किंवा देवघरातील गाणी घेण्याचा विचार असेल तर दोन एक्सएलआर प्रवेशद्वारांचे, ४८ व्होल्टचे, शक्यतो ३२ बिट फ्लोटचे यंत्र आणि एक साधा कंडेन्सर मायक्रोफोन घ्यावा. यंत्रावर खर्च करून मायक्रोफोन कसाबसा घेण्यापेक्षा उलट केलेले बरे.

परंतु यंत्र येईपर्यंत थांबू नये, हेही लिहिले पाहिजे. घरात दुसरा मोबाइल असेलच. तो 'फ्लाइट मोड'वर ठेवून, ध्वनिलेखन सुरू करून, आत्याबाईंच्या समोरच्या स्टुलावर हातरुमालाच्या घडीवर, चौकटीच्या किंचित खाली ठेवावा. पहिल्या मोबाइलने चित्र घ्यावे. आरंभी त्यांनीच आपले नाव, गाव आणि त्या दिवशीची तिथी-तारीख आपल्या बोलीत सांगावी. मग दहाच मिनिटे बोलून ते सर्वांनी हेडफोनवर ऐकावे, आणि संध्याकाळच्या आत त्याची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. पंखा तेवढा बंद असू द्या.